अठराव्या तुकड्याची चौकशी

४ फेब्रुवारी

वन्सं,

असं कोणी करतं का? मी दोन पानं भरून पत्र लिहिलं. विचारलं काय, तर तब्येत कशी आहे, वेळेवर जेवता का, आणि नऊ वर्षांत या घराची एकदा तरी आठवण झाली का. त्यावर तुमच्याकडून काय आलं, तर छापील पुस्तक. चोवीस पानी. आत पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी, "वहिनी, सध्या हे काम चालू आहे. वेळ मिळाला की लिहीन." खाली सहीसुद्धा नाही. वाटेवरच्या माणसाला हाक मारावी आणि त्याने खिशातून नकाशा काढून हातात द्यावा, तसं झालं मला.

आणि पुस्तकाचं नाव तरी बघा. "धूमकेतूतून बाहेर पडलेल्या बर्फाळ तुकड्यांची गती." खाली लिहिलंय, सर्वसामान्य वाचकांसाठी. हा सर्वसामान्य वाचक मला एकदा भेटवा. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे जे काही आलं ते तुमचा गृहपाठ घेताना आलं. तुम्ही पाढे म्हणायच्या आणि मी भाजी चिरता चिरता मनात म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आठ वर्षांच्या, पुढचे दोन दात पडलेले. तरी नणंद म्हणून मला अहोजाहो करावं लागायचं. "वन्सं, तुम्ही दूध प्यायलात का?" स्वयंपाकघरात जाऊन हसायचे मी. रागवायला सासू नव्हती, तुम्हाला आई नव्हती, म्हणजे हसायचं आणि वेणी घालायचं, दोन्ही कामं माझीच.

पुस्तक मी डाळीच्या डब्यामागे ठेवलंय. तुमच्या दादांना दाखवलेलं नाही. ते विचारणार नाहीत, मी सांगणार नाही. नवरा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर, बायको तिथेच लाद्या तपासायला, आणि घरात बर्फाचा विषय काढायचा नाही, अशी आमची तऱ्हा तुम्ही गेल्यापासून आहे.

वाचते म्हटलं आता. दुसरं काही पाठवलंच नाहीत तर काय करू.

वहिनी

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या तीन ओळी पोचल्या. "मी बरी आहे. पुस्तक वाचत असाल तर शंका कळवा." मी काय तुमच्या वर्गात बसते? बरं, घ्या शंका. सोळा दिवसांत नऊ पानं झाली, ओळीखाली बोट धरून.

तुम्ही लिहिता, धूमकेतू म्हणजे मळक्या बर्फाचा गोळा, गावाएवढा. सूर्याजवळ आला की तापतो, अंगातून वाफ सुटते, आणि त्या वाफेबरोबर बर्फाचे तुकडे निघतात, कोणी वाटाण्याएवढा, कोणी खुर्चीएवढा. इथवर ठीक. पुढे म्हणता मोठे तुकडे माणसाच्या चालीने जातात. उडालेली वस्तू चालत कशी जाईल? इथे मी अडले. मग दुसऱ्या दिवशी कामावर बघितलं. आपली लादी डब्यातून सुटते तेव्हा तीही धावत नाही. डबा कोमट पाण्यात बुडवला की ती आतल्या आत मोकळी होते, जरा विचार करते, आणि मग सावकाश बाहेर सरकते. तीनशे वेळा बघितलेलं रोज, पण चाल म्हणून कधी बघितलं नव्हतं. ही शंका फिटली.

दुसरी फिटलेली नाही. धूमकेतूची ओढ इतकी नाजूक की तिथे उभं राहून चेंडू फेकला तर परत यायचा नाही, असं लिहिता. मग हे तुकडे आसपास घुटमळतात कशाला? बारीक धूळ बघा, निघाली की निघाली, उन्हाच्या नुसत्या रेट्याने मागे शेपटीत जाते. मोठ्यांना मात्र जावंही वाटत नाही आणि राहावंही वाटत नाही. मी कोणावरून बोलत नाही. बर्फाचंच बोलतेय.

आणि ते स्वतःच्या वाफेचं. ऊन लागलेली बाजू फुसफुसते, आणि तुकडा उलटीकडे रेटला जातो. हे वाचलं आणि मी उठून तवा तापवला. पाण्याचे चार थेंब टाकले. कोणी ढकललं नाही, फुंकर घातली नाही, आणि पोरं मधल्या सुट्टीत पळावी तसे ते पळाले. तुम्ही दहा वर्षांच्या असताना हेच करून बोट भाजून घेतलं होतंत. मी कारखान्यातून फडक्यात बर्फ आणला, तर बोटाला लावायचं सोडून तोही तुम्ही तव्यावर टाकलात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही मुलगी काही आपल्या हाताला लागणार नाही.

एक गोष्ट पुस्तकात शोधली, सापडली नाही. तुम्ही इथे असताना कारखान्यात, धूमकेतूच्या बर्फाचा नमुना म्हणून, काजळी, राख आणि बारीक वाळू घालून, रोज बोटभर थर देत, सहा महिने ज्या बारा लाद्या गोठवल्यात, त्यांचं नावही नाही. बरोबरच आहे. मोठ्या संस्थेत न्यायच्या होत्या, तुमची तारीख लागली होती, आणि चार दिवस आधी त्या गटारात गेल्या. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, मी घरीच होते, त्यामुळे काय झालं ते मला नीटसं माहीत नाही. तुमचे दादा म्हणाले, "मी टाकल्या. कारखाना बर्फाचा आहे, चिखलाचा नाही." ते म्हणाले म्हणजे तसंच असेल. संध्याकाळी तुम्ही त्यांना उंबऱ्यात उभं राहून जे बोललात ते मात्र मी ऐकलं. "शेवटी बर्फवालेच तुम्ही." त्यानंतर त्यांनी स्वतःहून कधी सरबतातसुद्धा बर्फ मागितलेला नाही.

असो. डाळ उतू चाललीय.

वहिनी

११ मार्च

वन्सं,

चक्क दोन पानी पत्र. एक ओळ माझ्या गुडघ्याबद्दल आणि बाकी सगळा बर्फ, पण मी तक्रार करत नाही. "वहिनी, तव्यावरचा थेंब अगदी बरोबर. फक्त इथे तवा खाली नसून वर आहे, तो म्हणजे सूर्य." हे मी तीनदा वाचलं. मशीनघराजवळून जाताना आपोआप वर बघितलं गेलं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या दादांना पुस्तक सापडलंय.

मला आधी वाटलं माझीच खूण सरकते. मी दहाव्या पानावर काडी ठेवायचे, सकाळी ती बाराव्यावर. मग चौदाव्या पानावर अंगठा दिसला. वंगणाचा. या घरात तसा अंगठा एकाचाच. म्हणजे माणूस डाळीच्या डब्यामागून पुस्तक काढतो, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कामावर नेतो, मशीनघरात वाचतो आणि परत ठेवतो. तीस वर्षांच्या संसारात एवढी लपवाछपवी पहिल्यांदाच. चार दिवसांनी जेवताना त्यांचंच तोंड उघडलं.

"अठरा नंबरचं काय झालं?"

मी म्हटलं, "कोणाचं?"

"अठरा नंबर. तक्ता आहे बघ त्यात. वीस तुकडे. प्रत्येकापुढे लिहिलंय. परत पडला, निसटला, वाटेत फुटला, परत पडला. अठरापुढे नुसती रेघ."

"मग असेल रेघ."

"असेल कशी? चालत चाललेला तुकडा, कॅमेरा लावून बसलेत त्याच्यावर, आणि रेघ? आपल्याकडे लादी गेली कुठे म्हटलं आणि मी रेघ दाखवली तर चालेल?"

"विचारू का तिला?"

"मला काय करायचंय," म्हणाले आणि ताट सरकवलं. हात धुतले. पंच्याला पुसत पुसत दारापर्यंत गेले, तिथून पाठमोरेच म्हणाले, "विचार."

वन्सं, नऊ वर्षांत त्यांनी तुमच्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. कोणी विषय काढला तर मशीनकडे काम असल्याचं आठवतं त्यांना. आणि आता रोज विचारतात, आलं का उत्तर. वर त्यांची स्वतःची मतं चालू आहेत. म्हणे कॅमेरा वळवायला हवा होता. म्हणे तुकडा गिरक्या घेत असणार, म्हणून वाफ एकाच बाजूने न रेटता तिरकी रेटते, म्हणून वाट वाकडी होते, म्हणून चुकला. मी म्हटलं हे पुस्तकात सतराव्या पानावर आहे. तर म्हणतात, "मी अजून पंधरावर आहे. हे माझं डोकं."

तेव्हा अठराव्याचं काय झालं ते नीट कळवा. ताबडतोब. माझ्या जिवाला रोजची कटकट झालीय.

वहिनी

ता. क. गुडघा तसाच आहे. विचारलंत म्हणून सांगितलं.

२ एप्रिल

वन्सं,

तुमचं उत्तर परवा आलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं, आणि वाचताना अडखळले तिथे ते थांबले, घाई केली नाही. तुम्ही लिहिलंत तसंच पुन्हा लिहिते, म्हणजे मला बरोबर कळलं की नाही ते तुम्हाला कळेल. अठरा नंबर उन्हाच्या बाजूने निघाला. त्याचीच वाफ त्याला सूर्यापासून उलटीकडे, म्हणजे पुन्हा धूमकेतूकडे रेटायला लागली. चाल मंदावत मंदावत तो जवळजवळ थांबला. मग वळला, आणि धूमकेतूला वळसा घालून मागच्या अंगाला, सावलीत शिरला. तिथे ऊन नाही म्हणून दिसला नाही. ऊन नाही म्हणून वाफही बंद. रेटणारं काही उरलं नाही की उरते ती धूमकेतूची एवढीशी ओढ. बहुतेक मागच्या बाजूला अलगद पडला असावा. पण तुम्ही तो पडताना पाहिला नाहीत, म्हणून लिहिलं नाहीत.

ते बराच वेळ पंच्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "पाहिलं नाही म्हणून लिहिलं नाही. कामाला पक्की आहे." आणि उठून गेले.

पाहिलं नाही म्हणून लिहिलं नाही. हे वाक्य दोन दिवस माझ्या मागे लागलंय. त्यात काल जे झालं त्याने माझी पाचावर धारण बसली. सगळं सांगते, मध्ये कागद ठेवू नका.

कारखाना बंद होतोय. तीस एप्रिलला सकाळी मशीन थांबणार. मालकांचं वय झालं, मुलांना यात रस नाही. कोल्ड रूम रिकामी करायची म्हणून काल मला आत पाठवलं, चांगल्या लाद्या एकीकडे, तडकलेल्या एकीकडे करायला. बरोबर आमचा पेंग्विन होता. हा आमचा लाद्या ओढणारा, वीस वर्षं थंडीत दोन्ही हात अंगाला चिकटवून चालतो म्हणून पेंग्विन. पार मागच्या कोपऱ्यात गोणपाटाचं गाठोडं दिसलं, वर भुसा. मी लाद्या ओढायचा आकडा लावणार, तर तो आडवा आला.

"वहिनी, तिला नाही. ती दादांची."

"काय दादांची?"

"ठेव आहे त्यांची. नऊ वर्षं आम्ही तिला वळसा घालून जातो."

गोणपाट उघडलं. आत लादी. माझ्या कमरेएवढी असते ती आता उशीएवढी उरलीय. नुसत्या कोरड्या थंडीत, न वितळता, नऊ वर्षं हवेत विरत गेली. बर्फ उडून गेला आणि आतली काजळी, राख, वाळू जागच्या जागी राहिली. दाराकडच्या बाजूला तिची खपली धरलीय, काळी, बोटभर जाड, नखाने दाबली तर भुसभुशीत. भिंतीकडची बाजू अजून उघडी, चकचकीत. आणि तारेने बांधलेली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. सात.

मी तशीच मशीनघरात गेले. आवाजात ओरडून विचारावं लागलं.

"ती कुठून आली?"

त्यांनी हात पुसले. म्हणाले, "गटाराच्या तोंडावरून. मी पोचलो तेव्हा अकरा गेल्या होत्या."

आता ऐक. वन्सं बिन्सं बाजूला ठेवते, आता वेणी घालायला बसवलेल्या मुलीशी बोलतेय. डोकं दुखत नव्हतं. मी घरी नव्हते. त्या बारा लाद्या मी गटारात घातल्या.

मला तपासणीवर लागून दहा दिवस झाले होते. लादीत एवढासा कण दिसला तरी ती गटारात, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. त्या दिवशी तपासनीस यायचे होते. मी कोल्ड रूममध्ये गेले आणि बघते तर ओळीने बारा काळ्या लाद्या. वाटलं टाकी फुटली, घाण आत गेली, आता यांची नोकरी जाणार. चिठ्ठ्या होत्या, मला कारखान्याचे नंबर वाटले. एकेक आकड्याने ओढत नेली आणि वर गरम पाणी सोडलं. कोणाला दिसू नये म्हणून घाई केली, पाणी चालू ठेवूनच तपासनीसांपुढे गेले, आणि मनात म्हटलं, वाचवलं आपण नवऱ्याला.

तू धूमकेतूचा बर्फ गोठवतेस हे मला ठाऊक होतं. पण बाई, तू घरी सांगायचीस तेव्हा तुझे डोळे असे चमकायचे की मला वाटायचं आभाळातला बर्फ तो, चांदीसारखा असणार. तो चिखलासारखा असतो हे कोणी सांगितलं होतं मला? मी विचारलं नाही, ही माझी चूक. तू दाखवलं नाहीस, ही तुझी. पण बारा लाद्यांत माझा वाटा मोठा आहे, तेवढं मला कळतं.

त्या तुझ्या होत्या हे कळून मी त्यांच्यापाशी रडले तेव्हा ते म्हणाले, तू गप्प बस. मी म्हटलं, मी सांगते तिला. तर म्हणाले, "तिला दादा नसला तरी तिचं चालेल. वहिनी नसली तर ती कोणाकडे येणार?" आणि संध्याकाळी ते चिखलाचं वाक्य बोलले. ते वाक्यसुद्धा माझंच होतं. गटारातल्या काळ्या गाळाचं विचारणाऱ्या तपासनीसाला मी म्हणालेले.

आणि तू दोघांकडेही आली नाहीस.

काल मी त्यांना विचारलं, एक वाचली हे तरी तिला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगणार काय? तिला बारा हव्या होत्या." मग मशीनकडे बघत म्हणाले, "वाटलं येईल कधीतरी, तेव्हा देऊ. बर्फ कुठे पळतोय." मी म्हटलं, पळतोय की, उशीएवढी राहिलीय. त्यावर माणूस हसला. नऊ वर्षांनी, आणि माझ्यावर.

पुढचं ऐका, कारण हे तुमच्या कामाचं आहे, उगाच रडगाणं नाही. तिचा एक कोपरा तुटला, मुठीएवढा, एका बाजूला खपली, दुसरीकडे उघडा बर्फ. यांनी तो मशीनघरातल्या तापल्या पत्र्यावर ठेवला. खपलीची बाजू गप्प, उघडी बाजू फुसफुसायला लागली, आणि तो सरळ गेला नाही. वळत वळत गेला आणि पत्र्याच्या काठाशी थांबला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अठरा नंबर." हा काही शोध नाही, तिथे पाणी होतं आणि तुमच्याकडे पाणी होतच नाही, हे मला माहीत आहे, विसाव्या पानावर आहे. पण नऊ वर्षं सावकाश विरलेला, तुमच्याच हाताने थर दिलेला बर्फ दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

तीस तारखेला मशीन थांबलं की ती फार तर दोन दिवस टिकेल. भुशात गुंडाळून पाठवू म्हटलं, तर हे म्हणतात वाटेत जाईल. न्यायची कशी ते तुम्हालाच ठाऊक, तेव्हा तुम्ही या. घराच्या दारातून यायला जड जात असेल तर येऊ नका. त्या उंबऱ्यात तुम्ही शेवटचं काय बोललात ते तुम्हालाही आठवत असेल आणि तो उंबरा मी रोज ओलांडते, मला कळतं. तुमचे तुकडे तरी जिथून निघतात तिथेच कुठे उतरतात. कारखान्याच्या मागच्या फाटकाने या. ते तिथेच असतात, आठ ते पाच. तुम्ही काही बोलायची गरज नाही, तेही बोलणार नाहीत, लादी उचलायला मात्र दोन माणसं लागतात.

माझ्यावर जो राग काढायचा तो नंतर घरी येऊन काढा. किंवा पत्रात काढा. मी सगळा वाचीन, ओळीखाली बोट धरून.

गाड्या, भुसा, पेटी, सगळं बघावं लागेल मला. तेव्हा उत्तर वीस एप्रिलच्या आत हातात पडलं पाहिजे. येते लिहा, नाही येत लिहा. रेघ चालणार नाही.

वहिनी